लोपाचे स्थलांतर : संगणकभाषांतील रिक्त निर्देशाचा भाषाशास्त्रीय विचार

१

एका भाषेत जे उच्चारलेले आहे ते दुसऱ्या भाषेत कसे न्यावे, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. परंतु जे पहिल्या भाषेत उच्चारलेलेच नाही, आणि तरीही ज्याचा बोध श्रोत्याला निश्चितपणे होतो, ते दुसऱ्या भाषेत कसे न्यावे, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. संगणकाच्या भाषांमध्ये मात्र नेमक्या याच प्रश्नाने गेली साठ वर्षे मोठा उपद्रव मांडला आहे. तेथे त्याला ‘नल’ म्हणतात. एखादे नाम कोणत्याच वस्तूकडे निर्देश करीत नसेल तर त्या नामाचे मूल्य ‘नल’ असते. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘रिक्त निर्देश’ ही संज्ञा योजली आहे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने या तांत्रिक गोष्टीत का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. उत्तर अगदी व्यावहारिक आहे. बोलींच्या पाहणीची सामग्री आज कागदी पत्रिकांवर राहत नाही. ती तक्त्यात भरली जाते. तो तक्ता कोणी ‘आर’ या संगणकभाषेत उघडतो, कोणी पुढे ‘पायथन’मध्ये नेतो, आणि शेवटी त्यावरून नकाशा तयार होतो. या प्रवासात तक्त्यातील भरलेली घरे बहुधा सुखरूप पोहोचतात. रिकामी घरे मात्र पोहोचतात ती निराळ्याच अर्थाने. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या बोलींमध्ये नकाशावर एखादी रेषा दिसली, तर ती बोलणाऱ्यांच्या मुखातून आली आहे की संगणकाच्या दोन भाषांमधील गैरसमजातून, हे ठरविता आले पाहिजे. त्यासाठी लोपाचे स्वरूप नीट समजून घेणे अवश्य आहे, आणि ते समजून घेण्याची साधने आपल्या विद्याशाखेत संगणकाच्या कितीतरी आधीपासून तयार आहेत.

२

प्रथम मराठीकडे पाहू. ‘वही कुठे आहे?’ या प्रश्नाला ‘दिली’ एवढेच उत्तर पुरते. येथे कर्ता नाही, कर्म नाही, संप्रदानही नाही. तरीही ‘दिली’ या रूपातील ईकार श्रोत्याला सांगतो की जे दिले ते स्त्रीलिंगी व एकवचनी होते. रुमालाची चौकशी असती तर उत्तर ‘दिला’ असे आले असते. म्हणजे कर्म लुप्त झाले, पण जाताना आपला ठसा क्रियापदावर ठेवून गेले. इंग्रजीत येथे कर्माच्या जागी सर्वनाम घालावेच लागते आणि कर्ताही उच्चारावा लागतो. मराठीत ते काम प्रत्यय करतो.

आता हेच उत्तर वर्तमानकाळात घ्या. ‘देतो’ या रूपावरून देणारा पुरुष आहे एवढे कळते; काय देतो ते रूपात नाही. तेथे श्रोत्याला पूर्वसंदर्भावरच विसंबावे लागते. आणखी एक पायरी पुढे जाऊ. ‘मुलगी पाहिली’ येथे क्रियापद मुलीशी जुळते. पण ‘मुलीला पाहिले’ येथे ‘ला’ प्रत्यय लागताच ते जुळणे सुटते आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसते. या दुसऱ्या वाक्यातून कर्म गाळले तर उरलेल्या ‘पाहिले’वरून मुलगी, मुलगा, गाव, पुस्तक यांपैकी काय पाहिले याचा काहीच माग लागत नाही. तेव्हा एकाच मराठीत लुप्त कर्माचे निदान दोन प्रकार आहेत : ठसा ठेवून गेलेले आणि ठसा न ठेवता गेलेले. हा भेद पुढे फार उपयोगी पडणार आहे.

जत तालुक्यात किंवा मिरजेच्या आसपास ज्या घरांत कन्नड व मराठी दोन्ही बोलल्या जातात, तेथे हा प्रश्न रोजचा आहे. प्रमाण कन्नडमधील ‘कोट्टेनु’ म्हणजे ‘मी दिले’. या रूपात देणारा ‘मी’ आहे, पण दिलेल्या वस्तूचे लिंग वा वचन नाही. मराठी ‘दिली’त वस्तूचा ठसा आहे, पण देणारा कोण ते नाही. दोन्ही उत्तरे एकशब्दी, दोन्ही स्वाभाविक, आणि तरी एकीत जे लुप्त ते दुसरीत व्यक्त. ‘दिली’चे ‘कोट्टेनु’ करताना बोलणारा एक माहिती टाकतो व दुसरी नव्याने भरतो. ती भरण्यासाठी त्याला वाक्याच्या बाहेर जावे लागते. भाषांतरात लोप जसाच्या तसा नेता येत नाही, याचे याहून सोपे उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

लोप म्हणजे निव्वळ नसणे नव्हे, हे आपल्या वैयाकरणांनी फार पूर्वीच ओळखले होते. अष्टाध्यायीत अदर्शनाला लोप ही संज्ञा दिली आहे (१.१.६०), आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे होणारे कार्य होतच राहते, असेही तेथे सांगितले आहे (१.१.६२). ‘मरुत्’ या प्रथमा एकवचनी रूपात प्रत्यय दिसत नाही, पण तो लागून गेला आहे म्हणूनच त्या रूपाला ‘पद’ म्हणता येते. परंतु पाणिनी येथेच थांबत नाही. लुक्, श्लु व लुप् या आणखी तीन संज्ञा तो देतो (१.१.६१), आणि या तिहींपैकी एखाद्या संज्ञेने प्रत्यय गेला असेल तर अंगावरील त्याचे कार्य होत नाही, असा अपवाद लगेच नोंदवितो (१.१.६३). दिसायला सर्वत्र शून्यच. पण त्या शून्यांचे परिणाम वेगवेगळे, म्हणून त्यांची नावेही वेगवेगळी. संगणकभाषांच्या रचनाकारांना या गोष्टीची निकड जाणवायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

३

रिक्त निर्देशाचा जन्म बहुधा १९६५ सालचा मानतात. त्या वर्षी टोनी होअर यांनी ‘अल्गोल डब्ल्यू’ या भाषेच्या रचनेत तो घातला. प्रत्येक निर्देश सुरक्षित असावा, भाषेनेच त्याची खात्री द्यावी, हा त्यांचा मूळ हेतू होता. परंतु रिक्त निर्देश घालणे इतके सोपे होते की तो मोह त्यांना आवरला नाही. २००९ साली लंडन येथील एका परिषदेत त्यांनी स्वतःच या निर्णयाचे वर्णन अब्ज डॉलरची चूक असे केले. हे वर्णन आता इतके रूढ झाले आहे की त्यामागील नेमका दोष कोणता, हे सांगण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाही.

तो दोष असा. समजा, संगणकाला सांगितले की ‘नाव’ हे नाम कोणत्या तरी शब्दाकडे निर्देश करते. शब्द म्हटला की त्याची लांबी विचारता येते, त्याचे पहिले अक्षर मागता येते. रिक्त निर्देश मात्र ‘शब्द’ या प्रकारात बसतो असे भाषा मानते, पण त्याला लांबी विचारली तर उत्तर देता येत नाही. वस्तुस्थिती अशी की तो प्रत्येक प्रकारात शिरतो आणि कोणत्याच प्रकाराचे काम करीत नाही. नसणे ही अडचण नव्हे; नसणे असण्याच्या वेषात वावरते ही अडचण होय.

रिक्त निर्देशाला काही विचारले असता काय घडावे, याबाबत भाषाभाषांत एकवाक्यता नाही. ‘सी’ या भाषेचे प्रमाणपत्रक याबाबत कोणतीच हमी देत नाही; कार्यक्रम कोसळेल, किंवा काहीही होईल. ‘जावा’ तेथेच थांबते आणि अपवाद घोषित करते. ‘ऑब्जेक्टिव्ह-सी’ शांतपणे शून्य किंवा दुसरा रिक्त निर्देश परत करते व काम पुढे चालू ठेवते. चूक झाली असल्यास ती पुष्कळ पुढे, भलत्याच ठिकाणी उघडकीस येते. ‘पायथन’मधील ‘नन’ ही स्वतःच एक वस्तू आहे, तिला स्वतःचा प्रकार आहे, फक्त तिला फारसे काही करता येत नाही. ‘जावास्क्रिप्ट’मध्ये दोन रिक्ते आहेत, आणि त्यांतील भेद अनुभवी मंडळींनाही दर वेळी नीट सांगता येतो असे नाही. विदागारांच्या ‘एसक्यूएल’ भाषेत तर रिक्ताची रिक्ताशी तुलना केली असता उत्तर ‘होय’ही येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही, ‘अज्ञात’ असे तिसरे सत्यमूल्य येते. ज्याला एका भाषेचा सराव आहे तो दुसऱ्या भाषेत जाताना चिन्हाचे भाषांतर सहज करतो, वर्तनाचे करीत नाही. बहुतेक अनर्थांचे मूळ येथे आहे.

येथे न्यायदर्शनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. नैयायिकांच्या मते अभाव हा नेहमी कशाचा तरी आणि कशात तरी असतो. भूतलावर घट नाही, या ज्ञानात भूतल हा अनुयोगी व घट हा प्रतियोगी. प्रतियोगी न सांगता नुसते ‘नाही’ म्हणणे हे त्यांच्या दृष्टीने अपुरे ज्ञान होय. होअर यांचा रिक्त निर्देश हा असाच प्रतियोगिहीन अभाव आहे. ‘एमएल’ आणि ‘हॅस्केल’ या भाषांनी, व त्यांच्या मागून २०१४ नंतर ‘स्विफ्ट’, ‘रस्ट’ व ‘कॉटलिन’ यांनी जी सुधारणा केली तिचे सार हेच की त्यांनी अभावाला प्रतियोगी दिला. कॉटलिनमध्ये ‘शब्द’ हा एक प्रकार आणि प्रश्नचिन्ह लावलेला ‘शब्द’ हा दुसरा. पहिल्यात रिक्ताला प्रवेश नाही. दुसऱ्यात आहे, पण त्या प्रकारची वस्तू हाती आली की ‘आहे का?’ असे आधी विचारल्यावाचून तिच्यावर कोणतीही क्रिया करू दिली जात नाही, आणि हे बंधन कार्यक्रम चालण्यापूर्वी कंपायलरच घालतो. ‘दिली’तील ईकाराप्रमाणे येथे लुप्ताचा ठसा रूपावर उमटलेला असतो. जावाचा रिक्त निर्देश ‘मुलीला पाहिले’च्या जातीचा, माग न ठेवणारा.

(ठसा ठेवणारे रिक्त नेहमी सुखदायकच असते असे मात्र नाही. ‘गो’ भाषेत रिक्त निर्देश विशिष्ट प्रकाराच्या आवरणात ठेवला तर ते आवरण स्वतः रिक्त मानले जात नाही. ‘रिक्त आहे काय?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते आणि नवशिक्या चक्रावतो. पाणिनीचा अभ्यासक चक्रावण्याचे कारण नाही.)

अभावाच्या भेदांपैकी प्रागभाव, म्हणजे वस्तू निर्माण होण्यापूर्वीचे तिचे नसणे, याला सातारा जिल्ह्यातच एक सुंदर उदाहरण आहे. वाई येथून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि विसाव्या खंडापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ चार दशके लागली. आरंभीच्या खंडांतील नोंदींत पुढच्या अक्षरांवरील नोंदींकडे बोट दाखविणारे निर्देश आहेत. त्या वर्षांत वाचकाने तो निर्देश अनुसरला असता तर त्याला काहीच सापडले नसते; पण तो निर्देश चुकीचा नव्हता, त्याचा विषय अजून व्हायचा होता. उलट बाजूचे उदाहरण सांगलीचे. १९४९ साली वाळवे, तासगाव, खानापूर इत्यादी तालुके साताऱ्याकडून घेऊन व काही संस्थानी मुलूख जोडून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा करण्यात आला; १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. १९५५ सालच्या एखाद्या ध्वनिफितीच्या वेष्टनावर ‘दक्षिण सातारा’ असे लिहिले असेल, आणि संगणकाने ते नाव आजच्या जिल्ह्यांच्या यादीत शोधले, तर उत्तर रिक्त येईल. येथे जिल्हा नाहीसा झालेला नाही, नाव नाहीसे झाले आहे. जावाच्या कोशरचनेत शोध घेतला असता हे नाव यादीतच नाही, की नाव आहे पण त्यापुढील घर रिकामे आहे, या दोन्ही प्रसंगी एकच रिक्त निर्देश हाती येतो. रस्टमध्ये ही दोन रिक्ते एकात एक ठेवलेल्या दोन डब्यांसारखी अलग राहतात : बाहेरचा डबा रिकामा, किंवा बाहेरच्यात आतला डबा असून तो रिकामा.

४

आता स्थलांतराकडे वळू. जुने काम जावात आहे आणि नवे कॉटलिनमध्ये लिहायचे आहे, अशी परिस्थिती अँड्रॉइड फोनांच्या कार्यक्रमांमुळे सर्वत्र उद्भवली. जावाकडून एखादा शब्द कॉटलिनच्या हद्दीत आला म्हणजे कंपायलरपुढे पेच पडतो. जावाने तो रिक्त असू शकेल की नाही हे सांगितलेलेच नसते. प्रत्येक आगंतुकाला प्रश्नचिन्ह लावावे तर लिहिणाऱ्याला पावलोपावली तपासणी करीत बसावे लागेल. लावू नये तर रिक्त आत शिरेल. कॉटलिनच्या रचनाकारांनी मधला मार्ग काढला. अशा आगंतुकाला त्यांनी तिसराच प्रकार दिला, ज्याला कंपायलर आपल्या संदेशांत उद्गारचिन्हाने दर्शवितो. याचा अर्थ असा : हे रिक्त असेल वा नसेल, जबाबदारी तुमची. म्हणजे सीमेवर निर्णय झाला नाही, तो पुढे ढकलला गेला. लिहिणाऱ्याने हा शब्द निःशंकपणे ‘शब्द’ म्हणून स्वीकारला आणि तो रिक्त निघाला, तर कार्यक्रम चालू असताना अपवाद उद्भवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा मार्ग व्यवहार म्हणून क्षम्य आहे; पण त्यामुळे कॉटलिनमध्ये आलो म्हणजे रिक्ताचे भय संपले, असा जो समज पसरला आहे तो निराधार ठरतो. भय आता सीमेवर एकवटले आहे, एवढेच.

ऑब्जेक्टिव्ह-सी व स्विफ्ट या जोडीची कथा अधिक बोधक आहे. स्विफ्ट २०१४ साली आली तेव्हा तिलाही जुन्या शेजारणीकडून असेच अनिश्चित निर्देश मिळत, आणि तिनेही त्यांना उद्गारचिन्हच लावले. परंतु २०१५ साली एक निराळी गोष्ट घडली : जुन्या ऑब्जेक्टिव्ह-सीमध्येच ‘येथे रिक्त चालेल’ व ‘येथे चालणार नाही’ अशा दोन खुणा नव्याने घालण्यात आल्या. स्वतः त्या भाषेला त्यांची गरज तीस वर्षे भासली नव्हती. नव्या शेजारणीशी बोलणे सुकर व्हावे म्हणून जुन्या भाषेने आपल्या अव्यक्ताला व्यक्त रूप दिले.

भाषासंपर्काच्या अभ्यासकाला हे वाचताच कुपवाड आठवेल. सांगलीलगतच्या या गावाचा जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यामुळे हे गाव जगभरच्या भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. (गाव पुढे सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत समाविष्ट झाले.) कन्नड, मराठी व उर्दू या तीन भाषा, आणि काही घरांत तेलुगू, तेथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या. त्या लेखकांचे म्हणणे असे की शब्दसंग्रह वेगळा राहूनही या बोलींची वाक्यरचना इतकी जवळ आली की एकीतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. त्यांनी दिलेल्या पुराव्यांपैकी आपल्या विषयाशी निगडित असलेला एकच घेतो. प्रमाण कन्नडमध्ये ‘इदु निम्म मने’ म्हणजे ‘हे तुमचे घर’. ‘आहे’ या अर्थाचा शब्द तेथे लागत नाही. मराठीत ‘हे तुमचे घर आहे’ असे संयोजक क्रियापद सामान्यतः येते. कुपवाडच्या कन्नडमध्ये मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी ‘आहे’ या अर्थाचे क्रियापद येऊ लागले. जेथे शून्य होते ते घर शेजाऱ्याच्या घराशी जुळावे म्हणून भरले गेले. ऑब्जेक्टिव्ह-सीने जे एका वर्षात ठरवून केले ते कुपवाडच्या कन्नड बोलणाऱ्यांनी न ठरवता, बहुधा कित्येक पिढ्यांत, केले.

हे साम्य फार ताणू नये. संगणकभाषांत खुणा घालणारे मोजके रचनाकार असतात. बोलीत रचनाकार कोणीच नसतो. शिवाय कुपवाडच्या चित्राचीही फेरतपासणी झाली आहे. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात चाळीस वर्षांनंतरचे कुपवाड पाहून शब्दशः भाषांतरक्षमतेच्या सिद्धान्ताची चिकित्सा केली आहे. मूळ लेखाबरोबर तोही विद्यार्थ्यांनी वाचला पाहिजे.

५

आता आपल्या तक्त्याकडे येऊ. पुढील उदाहरण समजावून देण्यासाठी कल्पिलेले आहे; त्यातील नोंदी कोणत्याही पाहणीतील नव्हेत.

कोरेगाव, कराड, वाळवे, तासगाव व जत या पाच तालुक्यांतून प्रत्येकी एका गावी एकेक कथन ध्वनिमुद्रित केले. तपासायचे आहे ते असे : सकर्मक भूतकाळी क्रियापदाबरोबर प्रथमपुरुषी एकवचनी कर्त्याला तृतीयेचे वेगळे रूप येते काय? प्रमाण मराठीत ‘मी केले’ असे म्हणतात. तेथे तृतीयेला वेगळे रूप नाही, प्रथमेचेच रूप चालते. ग्रामीण बोलींत ‘म्या केलं’ असे वेगळे रूप ऐकू येते. तक्त्याच्या स्तंभात ‘म्या’ असल्यास ते लिहायचे. ‘मी’ असल्यास वेगळे रूप नाही, म्हणजे शून्यरूप. अनेक विद्यार्थी येथे घर कोरे सोडतात, कारण रूप नाही म्हणजे लिहायचे काय, असे त्यांना वाटते. पण एखाद्या गावच्या कथनात सकर्मक भूतकाळी वाक्यच आले नाही, तर तेथेही घर कोरेच राहते. आणखी एका गावी ध्वनिमुद्रण बिघडले, तेथेही कोरे. तीन कोरी घरे, तीन निरनिराळे अभाव. पहिला अभाव तर वस्तुतः अभावच नव्हे. शून्यरूप हा भाषिक पुरावा आहे. बाकीची दोन घरे पुराव्याची उणीव दाखवितात.

असे समजू की आपला विद्यार्थी दक्ष आहे. ‘आर’मध्ये काम करताना त्याने शून्यरूपासाठी अक्षररहित शब्द ठेवला आणि माहिती नसलेल्या घरांसाठी त्या भाषेची ‘एनए’ ही खूण घातली. ‘आर’ला हा भेद कळतो. आता तो तक्ता स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या धारिकेत उतरवून सहाध्यायाला पाठविला. सहाध्यायी तो पायथनच्या ‘पांडाज’ या संग्रहाद्वारे उघडतो. पांडाज, काही वेगळे सांगितले नसल्यास, कोऱ्या घरालाही आणि ‘एनए’ या अक्षरांनाही सारखेच ‘माहिती नाही’ असे वाचते. दोन अभाव एक झाले. सहाध्यायाने काही दुरुस्त्या करून धारिका पुन्हा लिहिली. लिहिताना पांडाज माहिती नसलेली घरे कोरी सोडते. ती धारिका परत ‘आर’मध्ये उघडली. ‘आर’ची नेहमीची वाचनाची रीत अशी की संख्यांच्या स्तंभातील कोरे घर ‘एनए’ ठरते, पण शब्दांच्या स्तंभातील कोरे घर अक्षररहित शब्द म्हणूनच राहते. परिणाम काय झाला? जी घरे ‘माहिती नाही’ म्हणून घराबाहेर पडली होती ती परत येताना ‘शून्यरूप’ होऊन आली. ज्या गावी ध्वनिमुद्रण बिघडले होते ते गाव नकाशावर ‘मी केले’ म्हणणारे गाव झाले. कोठेही अपवाद उद्भवला नाही, कोणताही इशारा मिळाला नाही. असे गाव जतमध्ये असेल आणि त्याच्या उत्तरेस ‘म्या’ असेल, तर तेथे एक देखणी बोलीसीमा ओढली जाईल आणि कन्नडच्या प्रभावाने तिचे स्पष्टीकरणही कोणी तरी देईल.

संख्यांच्या स्तंभाचीही तीच गत. प्रत्येक कथनात ‘म्या’ किती वेळा आले, हे मोजले असता पाच गावांच्या नोंदी ४, ६, कोरे, २, कोरे अशा आहेत असे समजा. सरासरी मागितली तर ‘आर’ उत्तर देण्यास नकार देते : माहिती अपुरी आहे, तेव्हा सरासरीही ‘एनए’. पांडाज कोरी घरे वगळून ४ हे उत्तर देते. आणि मधल्या टप्प्यात कोणी कोऱ्या घरांत शून्य भरले असेल तर उत्तर २.४ येते. तिन्ही उत्तरे आपापल्या गृहीतकानुसार बरोबर आहेत. कोणते गृहीतक आपले, हे भाषा ठरवू शकत नाही.

नात्यात्मक विदागारांचे प्रवर्तक ई. एफ. कॉड यांनी १९९० साली आपल्या ग्रंथात एका रिक्ताऐवजी दोन खुणा सुचविल्या होत्या : एक ‘लागू आहे, पण ठाऊक नाही’ यासाठी व दुसरी ‘लागूच नाही’ यासाठी. ‘एसक्यूएल’ने ती सूचना स्वीकारली नाही. त्यात एक अडचण खरीच होती. खुणा वाढल्या की सत्यमूल्ये वाढतात आणि तर्क जड होतो. आपल्या सरकारी कचेऱ्यांनी मात्र हा प्रश्न कारकुनी साधेपणाने सोडविला आहे. विवरणपत्रात सांगण्यासारखे काही नसेल तर ‘निरंक’ लिहावे, रकाना गैरलागू असेल तर ‘लागू नाही’ लिहावे. कोरे सोडल्यास कागद परत येतो. ‘निरंक’ ही नोंद आहे, रिकामी जागा नव्हे. ती जबाबदारीने, सहीनिशी केलेली असते.

बोलींच्या तक्त्यासाठी हीच रीत घेण्यास प्रत्यवाय नसावा. रूपाच्या स्तंभात कोरे घर कधीच नसावे. शून्यरूप असल्यास तसे अक्षरांत लिहावे. छेद दिलेल्या शून्याचे चिन्ह वापरल्यास ते सर्व यंत्रांवर टिकते काय हे आधी पाहून घ्यावे. अन्य कारणे शेजारच्या स्वतंत्र स्तंभात नोंदवावीत : विचारले नाही, उत्तर मिळाले नाही, संदर्भ आला नाही, मुद्रण बिघडले. मग तक्ता कोणत्याही भाषेत गेला तरी अभावाचा अर्थ त्या भाषेच्या मर्जीवर राहत नाही. वाचताना व लिहिताना कोणती अक्षरे रिक्त मानावयाची, हे ‘आर’ व पांडाज दोघांनाही स्पष्ट सांगता येते. तेही दर वेळी सांगावे. सीमा ओलांडताना तक्त्यातील कारणांची मोजणी अलीकडे व पलीकडे दोन्हीकडे करून ती जुळते की नाही हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

जुन्या हस्तलिखित पत्रिकांचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. त्यांत पुष्कळ ठिकाणी एक आडवी रेघ मारलेली आढळते, आणि ती रेघ ओढणाऱ्याच्या मनात वरीलपैकी कोणता अभाव होता हे विचारायला आता कोणी उरलेले नाही. अशा घरांत आपल्या तर्काने शून्यरूप भरू नये. त्यांच्यासाठी ‘अनिर्णीत’ अशी निराळी नोंद ठेवावी, आणि नकाशावर त्या गावी कोणतेही चिन्ह न देता केवळ गावाचे नाव छापावे.